वक्ता क्रमांक तीन

१

दिवसभर मी दुसऱ्यांचं बोलणं ऐकते आणि त्याचाच मला पगार मिळतो. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या एका लहानशा संस्थेत माझी नोकरी आहे. पोलिसांच्या ताब्यात ज्यांचा मृत्यू झाला, त्यांच्या घरच्यांसाठी आमची संस्था कोर्टात लढते. चौकशीची रेकॉर्डिंग्ज आमच्याकडे येतात, मी ती सॉफ्टवेअरमध्ये टाकते, त्यातून लिखित मजकूर तयार होतो आणि मी तो तपासते. सॉफ्टवेअर आवाजावरून माणसं वेगळी करतं. नावं त्याला माहीत नसतात, म्हणून नुसतं लिहितं: वक्ता १, वक्ता २.

ऑगस्टमधला मंगळवार होता. आमचं ऑफिस एका बैठ्या शॉपिंग सेंटरमध्ये आहे. एका बाजूला दाताचा डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कांचन काकूंचं 'टॅक्स, नोटरी, पासपोर्ट फोटो'. सकाळी दहालाच पार्किंग लॉटमधलं डांबर मऊ झालं होतं. मी टेरेन्स वॉकरची फाइल उघडली. वय एकतीस, इलेक्ट्रिशियन. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका काउंटीत चौकशीच्या खोलीत वारला. 'खुर्चीवरून उठताना घसरून पडला, डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, ताबडतोब रुग्णवाहिका बोलावली' असं अहवालात लिहिलं होतं. कॅमेरा त्या दिवशी बंद होता, फक्त आवाज होता. शुक्रवारी दोन वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यानंतर त्याच्या आईला दावा दाखल करता येणार नव्हता. हातात पुरावा काहीच नव्हता. आमची वकील नैना हिला निदान स्वच्छ टाइप केलेला मजकूर हवा होता, म्हणून फेब्रुवारीतलं काम मी नव्याने करायला घेतलं.

वक्ता १ म्हणजे अधिकारी. वक्ता २ म्हणजे टेरेन्स. खोलीत दोघंच होते, अधिकारी सुरुवातीलाच तसं सांगतो. खुर्चीचा आवाज, धप्प, दार. आणि त्याच्यापुढे एक ओळ होती:

वक्ता ३:

पुढे काहीच नाही. नुसतं नाव आणि रिकामी जागा.

एसीची घरघर असेल, असं म्हणून मी ती ओळ पुसली.

२

जेवणानंतर मी तीच फाइल पुन्हा चालवली. ओळ पुन्हा तिथेच आली.

सॉफ्टवेअर मूर्ख असतं हे मला माहीत आहे. टेबल फॅनला त्याने एकदा 'वक्ता ४' ठरवलं होतं. पण फॅन सगळ्या रेकॉर्डिंगभर असतो, आणि ही ओळ फक्त एका ठिकाणी होती. मी सेटिंग बदलून तिसऱ्यांदा चालवली. या वेळी 'वक्ता ३'पुढे तीन टिंबं आली.

"काय झालं? कीबोर्डवर राग का काढतेस?"

हेमचंद्र अंकल दारात उभे होते. हेमचंद्र पिल्ले आमचे तपास अधिकारी. जन्म डर्बनचा, दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची चौथी पिढी. तिकडे वीस वर्षं खुनांचा तपास केला आणि सात वर्षांपूर्वी मुलीकडे ह्यूस्टनला आले. डर्बनमध्ये म्हणे प्रत्येक मोठा माणूस 'अंकल' असतो, म्हणून मीही अंकलच म्हणते. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, इथे ते मी मराठीत लिहितेय.

ते दारात उभे होते म्हणजे दारातच. आमच्या ऐकायच्या खोलीला खिडकी नाही, भिंतींना गालिचा चिकटवलेला आहे, दोन खुर्च्या आणि एक टेबल. दार लावलं की बाहेरचं काही आत येत नाही. सात वर्षांत अंकल त्या खोलीत बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. ते आपल्या टेबलावर हेडफोन लावून ऐकायचे.

"तिसरा माणूस निघालाय," मी म्हटलं. "एसी नावाचा."

"ऐकव."

मी स्पीकर लावला. धप्प. दार. मग अर्ध्या सेकंदाचा एक आवाज, कुणीतरी शब्द संपवल्यासारखा. "...थू." लगेच अधिकाऱ्याचं ओरडणं, रुग्णवाहिका बोलवा.

अंकलनी चौकटीला हात लावला. "पुन्हा."

मी पुन्हा लावलं.

"याच्या आधी काय आहे?"

"आधी काही नाही अंकल. तिथे कट आहे."

"कुणी केला?"

मी स्पीकर बंद केला.

३

कट मीच केला होता.

फेब्रुवारीत एका आठवड्यात माझ्याकडे चौदा रेकॉर्डिंग्ज होती. सॉफ्टवेअरमध्ये एक बटण आहे, 'शांतता काढून टाका'. कुणी बोलत नसेल तेवढा भाग ते कापतं आणि तासाचं काम चाळीस मिनिटांत होतं. आमच्यासारख्या ऑफिसांत सगळेच ते वापरतात. माणसं काय बोलली ते आम्हाला हवं असतं, गप्प बसली ते कोण ऐकणार? कापलेली प्रत मी नैनाला पाठवली, तिने तज्ज्ञाला पाठवली, आणि तज्ज्ञाने लिहून दिलं: पडणं आणि मदत बोलावणं यात विलंब दिसत नाही.

मूळ डिस्क कपाटात होती. तिच्या पाकिटावरच्या तक्त्यात एक रकाना असतो: 'मूळ ध्वनिमुद्रण सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकले.' त्याच्यापुढे माझी सही होती. निळ्या शाईत, झोकदार.

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर इतकं ऊन होतं की काचेच्या दाराकडे बघवत नव्हतं. मी डिस्क लावली. अंकल उंबऱ्यापाशीच होते, त्यांनी एक बूट काढून दारात अडकवून ठेवला होता.

सुरुवातीला अधिकारी वेळ सांगतो: तीन वीस. एक्केचाळीसाव्या मिनिटाला धप्प. म्हणजे चार वाजून एक मिनिट. दार. दूर जाणारी पावलं.

मग शांतता.

आम्ही थांबलो. एक मिनिट, दोन मिनिटं. हळूहळू कळलं की ती शांतता नाहीच. टेरेन्स श्वास घेत होता. ओला, तुटक, जमिनीजवळून येणारा श्वास. तीन मिनिटं. पाच. कुणीच येत नव्हतं. मी घड्याळाकडे बघत होते. अहवालाप्रमाणे रुग्णवाहिकेला फोन गेला तो चार वाजून बारा मिनिटांनी. अहवालात पडण्याची वेळही तीच होती. अकरा मिनिटं. ती त्यांनी अहवालात लपवली होती आणि मी फाइलमधून कापून टाकली होती.

आणि त्या श्वासांच्या मध्ये कुणीतरी बोलत होतं.

अगदी हळू. एक शब्द, मग श्वास. दुसरा शब्द, मग श्वास. पाच शब्द झाले की पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजी नव्हतं, स्पॅनिशही नव्हतं. सुरुवातीला श्वास धावत होता. बोलणारा घाई करत नव्हता. सातव्या मिनिटापर्यंत श्वास त्याच्या चालीने चालायला लागला, एखाद्याचं बोट धरून चालावं तसा.

शेवटचे तीन शब्द त्या आवाजाचे एकट्याचेच होते. त्यांच्यानंतर श्वास आला नाही.

मग दार उघडलं आणि अधिकारी ओरडला.

"शेजारच्या खोलीतला आवाज असेल," मी म्हणाले. "किंवा कॉरिडॉरमधला टीव्ही." वळून बघितलं तर उंबऱ्यात फक्त बूट होता. अंकल एका पायात नुसता मोजा घालून रिसेप्शनच्या सोफ्यावर जाऊन बसले होते.

४

"कुन्ये, कुबिली, कुथाथू, कुने, कुह्लानू," अंकल म्हणाले. "झुलू भाषा. एक ते पाच."

मी त्यांना पाणी दिलं. ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

"एकोणीसशे पंच्याऐंशी. मी बावीस वर्षांचा होतो, कॉन्स्टेबल. आपल्या लोकांना तेव्हा पोलिसात घ्यायचे, पण गोऱ्या अधिकाऱ्यांच्या खोलीत बसायची परवानगी नव्हती. माझी ड्यूटी दाराबाहेर. आत जाबुलानी शेझी नावाचे प्राथमिक शाळेतले मास्तर होते. पोरांना मोर्चात नेलं म्हणून उचललं होतं. संध्याकाळी अधिकारी बाहेर आले, म्हणाले, तो जरा पडलाय, दार उघडू नकोस, आणि जेवायला गेले. मास्तर आत आकडे मोजत होते. पोरांना शिकवतात तसे. श्वास चालू राहावा म्हणून मोजत असतील. पाचच्या आधी जरासे थांबायचे. किल्ली माझ्या खिशात होती, इला."

"मग?"

"मग मोजणं थांबलं. दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर कागद आला. खुर्चीवरून उठताना घसरला, ताबडतोब डॉक्टर बोलावला. मी सही केली."

मला राग आला. खरंच आला, लपवत नाही. हा माणूस मला दर आठवड्याला सांगायचा की कागदावर विश्वास ठेवू नकोस, खोलीवर ठेव. "चाळीस वर्षं कुणालाच सांगितलं नाहीत?"

"तू फेब्रुवारीत सही केलीस ती कुणाला सांगितलीस?"

हे त्यांनी टोमण्यासारखं म्हटलं नाही, म्हणून जास्त लागलं.

"आणि हा आवाज," मी विचारलं, "तुम्हाला काय म्हणायचंय? की तो तोच..."

"मी काहीच म्हणत नाही. पाचच्या आधी तो थांबतो. तू ऐकलंस ना?"

ऐकलं होतं. पण माणूस आपल्या आठवणीतलं ऐकतो, आणि त्यांनी सांगितल्यावर मलाही तसंच आठवणार. मी स्वतःला हे दोनदा समजावलं. मग लक्षात आलं की सॉफ्टवेअरला कसलीच आठवण नसते, आणि त्याने तिसरा माणूस आमच्याआधी मोजला होता.

५

बुधवारी सकाळी मी नैनाला फोन केला. ती ऑस्टिनला एका सुनावणीत अडकली होती. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट.

"फाइल पाठव, आत्ता ऐकते." अर्ध्या तासाने तिचा फोन आला. "अकरा मिनिटं श्वास आहे. क्लिअर आहे. इला, ही केस आहे! पोलिसांनी बहुधा स्वतःची डिस्क कधी ऐकलीच नाही."

"आणि मोजणं?"

"कसलं मोजणं? मला श्वास ऐकू येतो, बाकी एसी."

मी कागद पुढे ओढला.

"आता नीट ऐक," ती म्हणाली. "मूळ डिस्क कपाटातून काढून पूर्ण ऐकली, असं शपथेवर सांगणारा माणूस लागेल. तुला ती शपथ घेता येणार नाही, तुझी आधीची सही खोटी ठरते. म्हणजे हेमचंद्र. प्रतिज्ञापत्र नोटराइझ्ड हवं, उद्या तीनच्या आत. शेवटच्या दिवसावर ठेवायचं नाही."

अंकलना सांगितलं तेव्हा ते हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "समोरच्या वकिलाचा पहिला प्रश्न काय असेल? मिस्टर पिल्ले, आधी कधी खोटं निवेदन केलंय? ऑक्टोबरात माझी नागरिकत्वाची मुलाखत आहे. फॉर्मवर 'पोलीस' लिहिलंय मी. तो दिवस नाही लिहिला. मुलगी इथे आहे, नातवंडं इथे आहेत."

"म्हणजे सही नाही करणार?"

"विचार करतो म्हटलं."

"विचार करायला एक दिवस आहे! त्या बाईचा मुलगा अकरा मिनिटं जमिनीवर पडून होता आणि तुम्ही..." मी थांबले. खूप बोलले होते. मी अशीच आहे, कॉलेजमध्ये शिकतानाही रूममेट म्हणायच्या, इलाला दूध तापेपर्यंतही धीर नसतो.

अंकल गाडीची किल्ली घेऊन गेले. संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

मी एकटीच होते. ऐकायच्या खोलीतला दिवा मी बंद केला होता हे मला पक्कं आठवतं, आणि संगणकही. पाच वाजता निघताना दारापाशी आले तेव्हा आतून काही ऐकू येत नव्हतं. पण ते नुसतं रिकाम्या खोलीचं ऐकू न येणं नव्हतं. कुणीतरी आपल्यासाठी बोलणं थांबवावं, तसं होतं. मी दार न उघडता घरी गेले.

६

गुरुवारी दुपारी एक वाजता अंकल आले. इस्त्रीचा शर्ट, टाय, हातात दोन टाइप केलेली पानं.

"पूर्ण ऐकलं असं लिहिलंय, पण मी उंबऱ्यावरून उठून गेलो होतो," ते म्हणाले. "आधी ऐकायला हवं. कांचनताईंना बोलाव."

मग ते ऐकायच्या खोलीत गेले आणि त्यांनी आतून दार लावलं. पहिल्यांदाच.

कांचन काकू शिक्का आणि वही घेऊन आल्या. नागपूरच्या, नवरा हृदयाचा डॉक्टर, आता रिटायर. "काय गं, किती वेळ? दोनला एक कपल येतंय, घराचं क्लोजिंग आहे, खरेदीच्या सह्या. आणि तू जेवलीस का? तोंड बघ कसं झालंय."

"तासभर लागेल काकू. फाइल पूर्ण ऐकायचीय त्यांना."

"तासभर? यार, आधी सांगायचं ना." पण त्या बसल्या, पर्समधून चिवड्याची पिशवी काढली आणि मलाही दिली.

दाराला पुस्तकाएवढी काच आहे. एक्केचाळीस मिनिटं झाल्यावर मी तिथे जाऊन उभी राहिले. अंकल पाठमोरे होते, हेडफोन लावलेले, हात गुडघ्यांवर. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची होती, ती नेहमी भिंतीला लावलेली असते. आज टेबलाजवळ होती. त्यांनीच ओढली असेल.

कांचन काकू माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "बोलतायत गं ते. कुणाशी?"

अंकलचे ओठ हलताना बाजूने दिसत होते. मला आवाज येत नव्हता, पण काय चाललंय ते कळत होतं. मी मनात मोजू लागले आणि पाचच्या आधी थांबले. तेही थांबले.

त्या दुसऱ्या खुर्चीवर स्पंजची जुनी गादी आहे. बसून उठलं की तिचा खळगा भरायला वेळ लागतो. गादी खोल दबलेली होती. कुणी बसलेलं असताना दबते तेवढी. मी काचेला कपाळ टेकवून बघत राहिले. खुर्ची रिकामी होती.

मग अंकलनी हेडफोन काढले, खुर्चीकडे वळले आणि मान खाली घातली. गादी हळूहळू वर यायला लागली. सावकाश, कडेपासून मध्यापर्यंत, कुणीतरी उठून उभं राहिल्यासारखी.

मी एवढंच पाहिलं. माझ्या बाजूने दाराची मूठ माझ्या हातात होती, ती थंड नव्हती, हलली नव्हती. पण माझ्या शेजारून काहीतरी बाहेर गेलं आणि कांचन काकूंनी पदर सावरावा तशी ओढणी सावरली.

"एसी फार ठेवता बाई तुम्ही," त्या म्हणाल्या.

अंकल बाहेर आले. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"उजवा हात वर करा," कांचन काकू म्हणाल्या. "यात लिहिलेलं सगळं सत्य आहे, अशी शपथ घेता?"

"घेतो. पण आधी पहिला परिच्छेद वाचतो. मोठ्याने."

"मी फक्त सही बघते हो, मजकूर नाही बघत. तसा नियम आहे."

"मला वाचू द्या."

त्यांनी वाचलं. एकोणीसशे पंच्याऐंशी साली डर्बन शहरात जाबुलानी शेझी यांच्या मृत्यूनंतर मी खोट्या निवेदनावर सही केली, ते का खोटं होतं, आणि दार उघडायची किल्ली माझ्याकडे होती. त्याखाली टेरेन्सची अकरा मिनिटं. फक्त श्वास आणि वेळा. मोजण्याबद्दल एक अक्षरही नाही.

"ते का नाही लिहिलं?" मी विचारलं.

"कोर्टाला जेवढं दाखवता येईल तेवढंच. बाकीचं आपलं."

कांचन काकूंनी शिक्का मारला. वहीत नोंद करताना त्यांचा हात थांबला. "पिल्लेसाहेब, तुमची मुलगी माझ्याकडेच टॅक्स करते. तिला सांगितलंत?"

"काल सांगितलं."

"काय म्हणाली?"

"रडली. मग म्हणाली, पप्पा, टाइप मी करून देते."

दोन वाजून चाळीस मिनिटांनी नैनाने दावा दाखल केला. मीही एक पान जोडलं होतं, माझ्या फेब्रुवारीतल्या सहीबद्दल. तीन वाजायच्या आत कोर्टाची पोच आली: स्वीकारला.

७

शुक्रवारी सकाळी टेरेन्सची आई आली. मिसेस वॉकर शाळेच्या कँटीनमध्ये काम करतात, अंगात कामाचा निळा डगला तसाच होता. त्यांना ऐकायचं होतं. नैनाने फोनवर त्यांना समजावून पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी त्याला जगात आणताना एकोणीस तास ऐकलंय. अकरा मिनिटं ऐकेन."

मी त्यांना खोलीत बसवलं. दार उघडं ठेवू का विचारलं तर म्हणाल्या, लाव. बाहेर आम्ही दोघं उभे होतो. अंकल टायची गाठ सैल करत होते, पुन्हा घट्ट करत होते. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते: कॉरिडॉरमधला टीव्ही, शेजारची खोली, मशीनचा दोष. त्यांना काही ऐकू येणारच नाही, नैनाला नव्हतं आलं, तरीही.

त्या बाहेर आल्या. डोळे कोरडे होते, चेहरा थकलेला आणि मोकळा, ताप उतरल्यासारखा.

"तो मोजणारा माणूस कोण?" त्यांनी विचारलं.

माझी सगळी जुळवलेली वाक्यं गळून पडली. मी अंकलकडे पाहिलं.

"मास्तर होते," अंकल म्हणाले. "लहान मुलांना शिकवायचे. जाबुलानी शेझी."

"मला वाटलं माझा पोरगा एकटा होता. दोन वर्षं मी रोज रात्री तेवढाच विचार करत होते." त्यांनी डगल्याच्या बाहीने नाक पुसलं. "त्यांना भेटता येईल का?"

"नाही. ते गेले, फार पूर्वी." अंकल म्हणाले. "ते गेले तेव्हा एकटेच होते. दाराबाहेर मी होतो."

मला वाटलं आता त्या निघून जातील, किंवा अंकलच्या थोबाडीत मारतील. मिसेस वॉकर त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"त्यांचं कुणी आहे?"

"मुलगी आहे. डर्बनला. तिकडे जुन्या केसेस पुन्हा उघडतायत, ती वडिलांच्या केससाठी अर्ज करत असते. तिचा नंबर काल मिळाला. उद्या फोन करीन म्हणतो."

"उद्या कशाला?" त्यांनी खुर्ची ओढली आणि अंकलसमोर बसल्या. "तिथे आत्ता किती वाजलेत?"

मी हिशेब केला. "संध्याकाळचे सहा."

"म्हणजे घरी असेल," मिसेस वॉकर म्हणाल्या. "लावा. तुम्ही तुमचं सांगा, मग फोन माझ्याकडे द्या. तिच्या वडिलांनी माझ्या मुलाला सोबत केली, हे तिला मी सांगते."

अंकलनी नंबर लावला. एकदा चुकला, पुन्हा लावला. मी स्पीकर चालू केला. रिंग वाजत राहिली, आणि मग इतक्या दुरून एका बाईचा आवाज आला, भांड्यांच्या आवाजातून, स्वयंपाकाच्या घाईतला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

अंकलनी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं.